शिळे न होणारे ग्रंथ : पुण्यातील धर्मविषयक ग्रंथसंग्रहांची व्यवस्था

खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र ही १९१६ साली तत्कालीन मुंबई सरकारने सिंचनाच्या प्रश्नांसाठी सुरू केलेल्या एका छोट्या विभागातून वाढलेली संस्था आहे. अशा संस्थेला जे तांत्रिक ग्रंथालय लागते, त्याच्या व्यवस्थेचा पाया सरळ असतो : एखाद्या बांधकामाविषयीचे नवे मानक प्रसिद्ध झाले की जुने मानक वाचकाच्या सहज हाती लागू नये, कारण रद्द झालेल्या सूत्रावर आखलेली भिंत धोक्याची ठरू शकते. पाऊसमानाच्या आणि पुरांच्या जुन्या नोंदी तेवढ्या या नियमाला अपवाद. बाकी पुस्तकांना वय असते आणि ते उलटले की त्यांची जागा नव्यांना मिळते. याच पुण्याच्या दुसऱ्या भागांत, बिबवेवाडीत, नगर रस्त्यावरील रामवाडीत आणि अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात, असे ग्रंथसंग्रह आहेत की जेथे हा नियम जवळजवळ उलटा होतो. चौथ्या शतकातील प्रवचन, सोळाव्या शतकातील वादग्रंथ किंवा दीडशे वर्षांपूर्वीचे बायबलचे मराठी भाषांतर नव्या आवृत्तीमुळे रद्द होत नाही. उलट नवी आवृत्ती तपासण्यासाठी जुनीचीच गरज पडते. ग्रंथालयशास्त्राच्या नेहमीच्या पाठ्यपुस्तकातील बरेचसे नियम पुस्तक जुने होते हे गृहीत धरून केलेले असल्यामुळे धर्मविषयक ग्रंथालयाच्या ग्रंथपालाला ते उचलून जसेच्या तसे वापरता येत नाहीत, आणि त्याच्या कामातील बहुतेक अडचणी येथूनच सुरू होतात.

रामवाडीतील ज्ञानदीप विद्यापीठाचे मूळ श्रीलंकेतील कँडी येथे आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९३ साली तेथे पेपल सेमिनरी स्थापन केली. सेमिनरी म्हणजे कॅथलिक फादर किंवा प्रोटेस्टंट पाळक घडवणारे विद्यालय. ही संस्था १९५५ साली पुण्यात आली. बिबवेवाडीतील युनियन बिब्लिकल सेमिनरी ही प्रोटेस्टंट परंपरेतील संस्था १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्यात स्थलांतरित झाली. विल्यम कॅरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८१८ साली बंगालमध्ये काढलेल्या श्रीरामपूर महाविद्यालयाच्या सिनेटशी ती जोडलेली आहे. दुसऱ्या बाजूला महादेव चिमणाजी आपटे यांनी १८८८ साली स्थापन केलेला आनंदाश्रम आणि १९१७ साली उभे राहिलेले भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर या संस्था आहेत. त्यांना कोणी धर्मविषयक ग्रंथालय म्हणत नाही, परंतु वेद, धर्मशास्त्र, वेदान्त आणि जैन वाङ्मय यांच्या ज्या पोथ्या व छापील ग्रंथ तेथे आहेत, त्यांची मांडणी आणि जतन करताना पडणारे प्रश्न सेमिनरीतल्या प्रश्नांचेच सख्खे भाऊ आहेत. दोन्ही प्रकारचे संग्रह एकाच शहरात, थोड्या अंतरावर असूनही त्यांच्याविषयी सहसा वेगवेगळे बोलले जाते, हे काहीसे चमत्कारिकच म्हटले पाहिजे.

कोणत्याही ग्रंथालयात पुस्तकाचे आयुष्य दाखल नोंदवहीपासून सुरू होते. पुस्तक आले की त्याला एक दाखल अंक मिळतो, तो पुस्तकाच्या ठरलेल्या पानांवर उमटवला जातो, आणि नोंदवहीत लेखक, शीर्षक, प्रकाशनवर्ष, किंमत आणि ते कोठून आले ही माहिती लिहिली जाते. पुस्तक पुढे हरवले किंवा बाद झाले तरी तो अंक दुसऱ्या पुस्तकाला दिला जात नाही. साधारण सार्वजनिक वाचनालयात ‘कोठून आले’ हा रकाना हिशेबापुरता असतो. धर्मविषयक ग्रंथालयात मात्र तो सर्वांत मोलाचा रकाना ठरू शकतो, कारण येथील पुस्तकांचा मोठा वाटा विकत घेऊन नव्हे तर देणगीने येतो : एखाद्या वृद्ध पाळकांचा आयुष्यभराचा संग्रह, बंद पडलेल्या मिशन केंद्रातील कपाटे, एखाद्या शास्त्रीबुवांच्या घरातील पोथ्यांची गाठोडी. अशा संग्रहात पंधरा पुस्तके आधीच ग्रंथालयात असतात, दहा निरुपयोगी असतात आणि एखादेच असे निघते की ज्याच्या समासात मूळ मालकाने केलेल्या टिपणांमुळे ते छापील पुस्तक असूनही जगात एकमेव झालेले असते. संग्रह विषयवार विखुरला की त्या टिपणांचा परस्परसंबंध तुटतो; तो अखंड ठेवला की एकाच विषयाची पुस्तके चार ठिकाणी जातात. देणगीदाराच्या नावाचे स्वतंत्र कपाट हवे ही अट आली की प्रश्न आणखी अवघड होतो, आणि म्हणूनच देणगी स्वीकारण्यापूर्वीच, पुस्तके ठेवणे, वाटणे किंवा परत करणे याचा अधिकार ग्रंथालयाकडे राहील असे लेखी ठरवून घेणे हा शिष्टाचाराचा भंग न मानता शहाणपणाचा भाग मानावा लागतो.

या पेचातून निघण्याचा एक जुना आणि उत्तम मार्ग भांडारकर संस्थेतच पाहायला मिळतो. मुंबई सरकारने १८६६ पासून संस्कृत व प्राकृत हस्तलिखितांचा जो शोध चालवला, त्यात ब्यूलर, कीलहॉर्न, पीटरसन हे युरोपीय संस्कृत पंडित आणि स्वतः रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी जमवलेल्या पोथ्या पुढे डेक्कन कॉलेजात राहिल्या आणि १९१८ साली नव्या संस्थेकडे आल्या. या पोथ्यांचा निर्देश आजही अमुक वर्षाच्या संग्रहातील अमुक क्रमांक अशा रीतीने केला जातो. म्हणजे पोथी कोणत्या साली आणि कोणत्या शोधमोहिमेत मिळाली, ही तिची ओळख क्रमांकातच शिल्लक राहते. विषयवार मांडणी कपाटात न करता वर्णनात्मक सूचीच्या छापील खंडांत केलेली आहे, आणि वेद, व्याकरण, वेदान्त, जैन वाङ्मय असे खंड चाळणाऱ्याला पोथ्या विषयाच्या क्रमाने भेटतात. वस्तू तिच्या मूळ गटात राहते आणि तिच्याकडे नेणाऱ्या वाटा सूचीत असतात. छापील पुस्तकांच्या देणगी संग्रहांनाही हे तत्त्व लागू पडते : पुस्तक कपाटात एकाच जागी उभे राहू शकते, सूचीतील त्याच्या नोंदी मात्र कितीही असू शकतात.

कपाटातील ती एक जागा कोणती, हे ठरवण्याचे शास्त्र म्हणजे वर्गीकरण. भारतातील बहुसंख्य ग्रंथालयांत मेल्विल ड्यूई यांची १८७६ साली प्रथम प्रसिद्ध झालेली दशांश वर्गीकरण पद्धती वापरली जाते, ज्यात सर्व ज्ञानाचे दहा वर्ग पाडून प्रत्येकाला शंभर अंक दिलेले असतात. धर्माला २०० ते २९९ हे अंक मिळाले, आणि त्यांतही २२० ते २८० या सात विभागांत केवळ बायबल, ख्रिस्ती सिद्धान्त, उपासना, चर्चचा इतिहास आणि पंथ यांची सोय झाली. जगातील उरलेले सगळे धर्म २९० या एकाच विभागात बसवले गेले. त्यात भारतात उगम पावलेल्या धर्मांच्या वाट्याला २९४ हा अंक आला, त्याचे पुढे दशांश पाडून बौद्ध धर्माला २९४.३, जैन धर्माला २९४.४, हिंदू धर्माला २९४.५ आणि शीख धर्माला २९४.६ असे क्रमांक दिले गेले. याचा व्यावहारिक परिणाम असा की, ख्रिस्ती प्रार्थनेवरील पुस्तकाच्या पाठीवर तीन-चार अंकांची छोटी चिठ्ठी पुरते, तर भगवद्गीतेवरील पुस्तकाला २९४.५९२४ लिहून त्यापुढे टीकाकारासाठी आणखी अंक जोडावे लागतात. अंक जितका लांब तितकी तो लिहिताना, वाचताना आणि पुस्तक परत जागेवर लावताना चूक होण्याची शक्यता अधिक, म्हणजे एकोणिसाव्या शतकातील एका अमेरिकन ग्रंथपालाच्या दृष्टिकोनाची किंमत पुण्यातील शिपाई आणि विद्यार्थी रोज थोडी थोडी मोजत असतात.

ख्रिस्ती सेमिनरीला ही रचना सोयीची वाटावी हे स्वाभाविक आहे, परंतु तिलाही ती पुरत नाही. सगळेच ग्रंथालय धर्माचे असले की २०० खाली हजारोंनी पुस्तके येतात आणि बाकीचे आठ-नऊ वर्ग जवळजवळ रिकामे राहतात. न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत ज्युलिया पेटी या ग्रंथपाल महिलेने विसाव्या शतकाच्या आरंभी याच कारणासाठी स्वतंत्र वर्गीकरण रचले, ज्यात सेमिनरीच्या अभ्यासक्रमातील शाखांचा क्रम पायाभूत धरला होता. तेथे ते १९७६ पर्यंत चालले आणि मग त्या संस्थेनेही लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या सर्वसाधारण पद्धतीचा स्वीकार केला. स्वतःची पद्धत कितीही सुबक असली तरी ती एकट्याने अद्ययावत ठेवणे परवडत नाही, हा त्यातून निघालेला धडा भारतीय सेमिनरींनाही उपयोगी आहे.

भारतात या एकांगी मांडणीला खरे उत्तर दिले ते एस. आर. रंगनाथन यांनी. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या द्विबिंदू वर्गीकरणात धर्मासाठी एक स्वतंत्र मुख्य वर्ग असून वैदिक हिंदू धर्म, वेदोत्तर हिंदू धर्म, जैन, बौद्ध, ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लाम यांना त्यात ओळीने एक ते सात असे एकेरी अंक मिळतात. धर्म कोणता आणि त्याच्या कोणत्या बाजूविषयी पुस्तक आहे, हे दोन प्रश्न वेगळे विचारून त्यांची उत्तरे चिन्हांनी जोडायची, अशी ती युक्ती होती. त्यामुळे धर्मग्रंथ, विधी, संस्था किंवा पंथ या बाजू प्रत्येक धर्माला सारख्याच न्यायाने लागू होतात. तत्त्व म्हणून ही पद्धत अधिक न्याय्य आहे यात शंका नाही. तरीही ती फार थोड्या ठिकाणी टिकली, कारण तिचे अंक तयार करायला प्रशिक्षित माणूस लागतो आणि बाहेरून तयार नोंदी मिळत नाहीत. युरोपात रुजलेल्या सार्वत्रिक दशांश वर्गीकरणाने २००० साली आपला धर्मवर्ग नव्याने रचला आणि सर्व धर्मांना समान पायरीवर आणले, तेव्हा रंगनाथनांचा मूळ विचार निराळ्या वाटेने पुढे आलेला दिसतो. पुण्यातील ग्रंथपालापुढे मात्र निवड बहुधा ड्यूईची मांडणी मोडण्याची नसून तीत स्थानिक गरजेपुरती दुरुस्ती करण्याची असते, आणि अशी प्रत्येक दुरुस्ती एका वहीत तारखेसह लिहून ठेवली नाही तर पुढच्या ग्रंथपालाला ती चूकच वाटते व तो ती ‘सुधारून’ टाकतो.

मराठी ग्रंथांपाशी आले की वर्गीकरणाची खरी परीक्षा होते. ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीका आहे, म्हणून ती २९४.५९२४ खाली जावी. ती मराठी काव्याचा मुकुटमणी आहे, म्हणून मराठी काव्याच्या ८९१.४६१ या अंकाखालीही जावी. जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण मराठी ओवीत आहे, पण त्याचा विषय येशूचे चरित्र असल्यामुळे २३२ हा अंकही त्याच्यावर हक्क सांगतो. १८७४ साली पुण्यात छापलेली सचित्र हग्गादा, म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री ज्यू कुटुंबात वाचला जाणारा विधिग्रंथ, हिब्रू आणि मराठी अशा दोन भाषांत असून तो बेने इस्राएल या मराठीभाषक ज्यू समाजासाठी तयार झाला. त्याला २९६ खाली ज्यू धर्मात ठेवले तर मराठी मुद्रणाचा अभ्यासक तेथे कधीच फिरकणार नाही, आणि मराठीत ठेवले तर ज्यू धर्माचा अभ्यासक त्याला मुकेल. सेमिनरीत ज्ञानेश्वरी धर्माच्या कपाटात आणि एखाद्या साहित्य-ग्रंथालयात ती काव्याच्या कपाटात असणे, यात विसंगती नाही. त्या त्या वाचकांच्या गरजेनुसार दोन्ही बरोबर आहेत. मात्र एकाच ग्रंथालयात तिच्या तीन आवृत्त्या तीन ठिकाणी असणे ही ढिलाई होय, आणि प्रत्यक्षात आढळते ती हीच.

ही ढिलाई बहुतांशी नावांतून निर्माण होते. ज्ञानेश्वर आणि ज्ञानदेव, ज्ञानेश्वरी आणि भावार्थदीपिका, पवित्र शास्त्र आणि बायबल, या जोड्या वाचकाला एकच वाटतात, पण यंत्राला किंवा तालिकापत्रांच्या खणाला ती वेगवेगळी नावे असतात. म्हणून तालिकाकाराने एक रूप प्रमाण मानून बाकीच्या रूपांवरून तिकडे निर्देश द्यायचा असतो. शीर्षकाच्या बाबतीत याला एकरूप शीर्षक म्हणतात आणि निरनिराळ्या नावांनी, भाषांतून व भागांतून छापल्या गेलेल्या धर्मग्रंथांना त्यावाचून गत्यंतर नसते. पंडिता रमाबाईंनी केलेले आणि त्यांच्या निधनानंतर १९२४ साली केडगावच्या मुक्ती मिशनमधून पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झालेले बायबलचे भाषांतर सूचीत केवळ ‘बायबल’ या नावाखाली लपून राहिले, तर रमाबाईंचा अभ्यास करणाऱ्याला ते सापडत नाही. केवळ त्यांच्या नावाखाली राहिले, तर भाषांतरांची तुलना करणाऱ्याला सापडत नाही. संगणकीय सूचीने यात भर घातली ती शुद्धलेखनाची. १९६२ च्या लेखननियमांनी मराठीतील कितीतरी अनुच्चारित अनुस्वार गेले, त्यामुळे त्याआधीच्या शीर्षकपानांवरील शब्द आजच्या पद्धतीने टंकून शोधले तर यंत्र ‘आढळले नाही’ असे निर्विकारपणे सांगते. कोहासारखी विनामूल्य ग्रंथालय-प्रणाली आज लहान संस्थेलाही वापरता येते, पण शीर्षकपानावर जसे आहे तसे एक रूप आणि आजच्या लेखनाचे दुसरे रूप, अशी दुहेरी नोंद करण्याचे काम प्रणाली करत नाही. ते मराठी जाणणाऱ्या माणसालाच करावे लागते.

पुस्तके वाढतात आणि खोल्या वाढत नाहीत, म्हणून निर्लेखनाचा, म्हणजे पुस्तक नोंदवहीतून रीतसर बाद करण्याचा, प्रश्न कधी ना कधी येतोच. सर्वसाधारण ग्रंथालयात त्यासाठी दोन कसोट्या वापरतात : किती वर्षांत पुस्तक कोणी नेले नाही आणि त्याची नवी आवृत्ती आली आहे का. धर्मविषयक ग्रंथालयात या दोन्ही कसोट्या फसव्या आहेत. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक उपासना लॅटिनमधून लोकभाषांत आली, आणि लॅटिनमधील मिसाग्रंथ (उपासनेचे पाठ असलेले ग्रंथ) व पाठ्यपुस्तके जगभरच्या सेमिनरींत एका दशकात वापरातून बाहेर गेली. ज्या ठिकाणी ती रद्दीत निघाली, तेथे त्या परिषदेने नेमके काय बदलले हे दाखवायला आज काहीच उरलेले नाही. तीच गत बंदीची. कॅथलिक चर्चची निषिद्ध पुस्तकांची यादी १५५९ साली प्रथम निघाली आणि १९६६ साली तिचा अंमल संपला. तोवर अशी पुस्तके परवानगीवाचून कोणाच्या हाती पडणार नाहीत अशा बंदोबस्तात ठेवली जात. आज त्याच पुस्तकांतील कित्येक तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमात आहेत, म्हणजे जे ग्रंथ कपाटात कुलूपबंद का होईना राहिले तेच विद्यार्थ्यांच्या कामी आले.

दुबार प्रत हीसुद्धा दिसते तितकी दुबार नसते. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे, म्हणजे अनेक प्रतींतील पाठ ताडून ठरवलेल्या संहितेचे, काम भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात चालले आणि त्यासाठी बाराशेहून अधिक हस्तलिखिते विचारात घेतली गेली. ती सगळी एकाच ग्रंथाच्या प्रती म्हणून कोणी पूर्वीच एक ठेवून बाकीच्या टाकल्या असत्या, तर हे काम आरंभालाच थांबले असते. छापील ग्रंथांत फरक थोडा असतो, पण असतो. तुकारामबोवांच्या गाथेच्या निरनिराळ्या छापील आवृत्त्यांत अभंगांची संख्या आणि क्रम बदलतो, त्यामुळे जुन्या लेखातील अभंगक्रमांक पडताळायचा तर त्या लेखकाने वापरलेलीच आवृत्ती हाती असावी लागते. ख्रिस्तपुराणाचे उदाहरण याहून बोलके आहे. ते १६१६ साली गोव्यात राशोल ऊर्फ रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले, नंतर १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापले गेले, आणि या तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज जगात कोठे असल्याचे ज्ञात नाही. जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे काढलेली आवृत्ती ख्रिस्ती कुटुंबांत जपल्या गेलेल्या हस्तलिखितांच्या आधारे तयार झाली. छापून शेकडो प्रती झाल्या की ग्रंथ सुरक्षित झाला, हा समज या एका पुस्तकाने खोटा ठरवला आहे.

ठेवायचे ठरले तरी कागद साथ देतोच असे नाही. जुन्नर आणि दौलताबाद येथील हातकागद चिंध्या आणि ताग यांसारख्या लांब धाग्यांपासून होत असल्यामुळे त्यावरील पोथ्या तीनशे वर्षांनंतरही उलगडता येतात. उलट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा आणि तुरटीयुक्त खळीचा जो कागद सर्रास वापरात आला, त्यात आम्ल तयार होत राहते, तो आधी पिवळा व मग तपकिरी पडतो आणि शेवटी घडी घालताच तुटतो. मराठीतील मिशनरी छपाईची आणि आरंभीच्या धार्मिक नियतकालिकांची बरीच पाने याच कागदावर आहेत. आम्ल निष्प्रभ करण्यासाठी कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमच्या क्षारांचा उपचार करता येतो, फाटलेल्या पानाला गव्हाच्या स्टार्चची खळ लावून पातळ जपानी कागद जोडता येतो, आणि अशा जोडणीमागे एक तत्त्व असते : केलेली दुरुस्ती उद्या काढता आली पाहिजे. चिकटपट्टी या कसोटीला उतरत नाही, म्हणून ती लावणारा भाविक वाचक पुस्तकाचा नकळत शत्रू होतो. कसर आणि वाळवी यांच्यासाठी वेखंडाच्या पुरचुंड्या व कडुलिंबाची पाने ठेवण्याची जुनी रीत आजही चालते आणि ती डांबरगोळ्यांच्या वाफेपेक्षा माणसाला कमी अपायकारक आहे. परंतु कपाट भिंतीपासून काही बोटे दूर ठेवणे आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुस्तके काढून झटकणे यांची जागा कोणतेच औषध घेऊ शकत नाही.

पुण्याच्या हवेत सर्वांत मोठी जोखीम पाण्याची आहे. हवेतील आर्द्रता साधारण ४५ ते ५५ टक्के राहिली तर कागद स्वस्थ असतो, ६५ टक्क्यांच्या वर ती टिकली की बुरशी धरू लागते, आणि पावसाळ्यात येथे ती याहून पुष्कळ वर जाते. दिवसा वातानुकूलन चालवून रात्री ते बंद करणाऱ्या संस्थेत तर रोज एकदा सुकणे आणि एकदा ओलावणे घडते, जे सतत दमट राहण्याइतकेच घातक असते. त्यापेक्षा जाड भिंतींची, समोरासमोर खिडक्या असलेली साधी खोली बरी. हस्तलिखितांच्या शेवटी लेखनिक जी विनंती लिहीत असत, तीत तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून पोथी जपावी असे सांगितलेले असे, आणि आधुनिक संवर्धनशास्त्राने त्या यादीत भर घातली असली तरी त्यातले काही खोडलेले नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे १८७९ साली पूर्ण झालेल्या खडकवासला धरणाची भिंतही टिकली नाही, आणि मुठेकाठच्या शनिवार, नारायण यांसारख्या पेठा पाण्याखाली गेल्या; या पेठा म्हणजे शास्त्री-पंडितांच्या घरांचा, पाठशाळांचा आणि छापखान्यांचा जुना भाग. भिजलेल्या पुस्तकाला साधारण ४८ तासांत बुरशी धरू लागते, आणि तोवर ते वाळवता येत नसेल तर गोठवून ठेवावे व सवडीने उपचार करावेत, ही आजची पद्धत तेव्हा कोणाला परिचित नव्हती. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी इटलीत आर्नो नदीच्या पुराने फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील दहा लाखांहून अधिक ग्रंथ व अन्य साहित्य भिजले, आणि तेथे जमलेल्या अनेक देशांतील तज्ज्ञांच्या कामातून ग्रंथसंवर्धनाला आजचे रूप आले. पुण्याचा पूर त्याच्या पाच वर्षे आधी येऊन गेला होता. नदीच्या पूररेषेजवळ असलेल्या प्रत्येक संग्रहाने दुर्मीळ ग्रंथ तळमजल्यावर व सर्वांत खालच्या फळीवर न ठेवणे, आणि आधी काय उचलायचे याची छोटी यादी दाराशी लावणे, एवढी तयारी तरी खर्चाविना होऊ शकते.

आपत्ती नैसर्गिकच असते असेही नाही. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर झालेल्या हल्ल्यात ग्रंथ, पोथ्या आणि सूचीची साधने यांची मोठी नासधूस झाली. अशा प्रसंगी, आणि एरवी वर्षाच्या साठा पडताळणीतही, कोणते पुस्तक कोणत्या जागी होते हे क्रमाने सांगणारी कपाटयादी हाच एकमेव आधार असतो. तिची एक प्रत इमारतीबाहेर असावी, हे लिहायला सोपे आणि पाळायला विसरण्याजोगे आहे. याच संस्थेतील ऋग्वेदाच्या ३० पोथ्या २००७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदीत समाविष्ट झाल्या, त्यामुळे जतनाकडे थोडे लक्ष वळले. परंतु अशी नोंद मूठभर वस्तूंचीच होते आणि लाखभर छापील ग्रंथ नेहमीच्या बेतशीर खर्चावरच तगून राहतात.

बाद झालेल्या धर्मग्रंथाचे पुढे काय करायचे, हा प्रश्न अन्य ग्रंथालयांना पडत नाही. फाटकी पोथी नदीत सोडण्याची घरोघरची चाल, ज्यू समाजात देवाचे नाव असलेले कागद न जाळता साठवून पुरण्याची रीत आणि कुराणाच्या जीर्ण प्रतींबाबत पाळला जाणारा आदर, हे सगळे ग्रंथपालाच्या टेबलापर्यंत येते, कारण रद्दीवाल्याच्या तराजूत धर्मग्रंथ घातलेला पाहून दुखावणारा वाचकही त्याच ग्रंथालयाचा असतो. म्हणून कोणत्या धर्माचा ग्रंथ कसा निरोप द्यायचा, हे त्या त्या परंपरेतील जाणकारांना विचारून धोरणात लिहून ठेवावे लागते. नदीत सोडणे मात्र ग्रंथालयाने टाळावे. मुठेच्या पाण्यालाही ते सोसत नाही, आणि एखादी पोथी जीर्ण झाली म्हणजे ती निरुपयोगी झाली हा निर्णय बहुधा घाईचा असतो.

या सगळ्यांतून मार्ग काढण्याची एक व्यवस्था जगातल्या बऱ्याच ग्रंथालयसमूहांनी स्वीकारली आहे आणि पुण्यासारख्या शहरात ती विशेष सोपी आहे : एखादे पुस्तक बाद करण्याआधी शेजारच्या संग्रहांत त्याची प्रत आहे का हे पाहायचे, असेल तर निर्धास्तपणे बाद करायचे, आणि नसेल तर आपलीच प्रत ही या परिसरातील अखेरची प्रत मानून ती ठेवायची किंवा ठेवू इच्छिणाऱ्या संस्थेला द्यायची. यासाठी मोठा निधी किंवा समाईक इमारत लागत नाही, सूची एकमेकांना दिसतील अशा ठेवल्या तरी पुरे. कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि प्राच्यविद्येच्या संस्थांच्या गरजा वेगळ्या असल्यामुळेच हे जमण्यासारखे आहे. रामवाडीला नको असलेली उपनिषदांची जुनी मुंबई आवृत्ती लॉ कॉलेज रस्त्यावरील भांडारकर संस्थेत हवी असते, तेथे कोणी न उघडलेले मराठी शुभवर्तमान बिबवेवाडीत एखाद्या प्रबंधाचा पाया होते, आणि दोन्ही ठिकाणी जागा व्यापून बसलेल्या परदेशी नियतकालिकांच्या त्याच त्या खंडांपैकी एक संच कोणी ठेवायचा हे एका बैठकीत ठरू शकते.